‘थ्री मस्केटिअर्स’चे पुनर्वाचन: कथानक पाठ असताना आनंद नेमका कशाचा?

प्रश्न (निशिगंध):

अलेक्झांडर द्युमा यांची ‘थ्री मस्केटिअर्स’ मी शाळेत असताना संक्षिप्त मराठी रूपांतरातून वाचली, पुढे संपूर्ण इंग्रजी अनुवाद हाती आला आणि तेव्हापासून अधूनमधून मी तिच्याकडे परत येत असते. पिवळ्या तट्टावर बसून गॅस्कनीहून पॅरिसकडे निघालेला दार्तान्यां, एकाच दिवशी आथोस, पोर्थोस आणि आरामिस या तिघा मस्केटिअर्सशी (राजाच्या बंदूकधारी रक्षकांशी) ठरून बसलेली तीन द्वंद्वे, फ्रान्सची राणी अ‍ॅन हिची अब्रू वाचवण्यासाठी लंडनपर्यंत केलेली दौड, हे सारे आता इतके पाठ झाले आहे की पान उलटण्याआधीच पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. उत्कंठा हाच साहसकथेचा प्राण असेल, तर शेवट माहीत झाल्यावर असे पुस्तक निष्प्राण वाटायला हवे. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

या खेपेस मात्र एक बदल जाणवला. त्या दौडीमागचे, राणीच्या हिऱ्यांच्या बारा गुंड्यांचे प्रकरण, जे पूर्वी मला सर्वांत प्रिय होते, ते भराभर वाचून झाले आणि मी रेंगाळले ती उत्तरार्धात, जिथे तलवारी कमी आणि माणसे अधिक आहेत. आपल्यापैकी ज्यांनी ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली आहे, ते कोणत्या पानांवर थांबतात आणि का, हे जाणून घ्यायला आवडेल. तसेच, याच चौघांची पुढची कथा असलेली ‘वीस वर्षांनंतर’ मी अजून वाचलेली नाही. ती वाचावी का?

उत्तर १ (जुना दिवाणखाना):

माझ्यापुरते उत्तर एका नावात सांगता येईल, ते म्हणजे आथोस. पहिल्या वाचनात आपण दार्तान्यांच्या घोड्यामागून धावत असतो, आणि त्याला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसते. पुन्हा वाचताना मात्र आथोसला जे ठाऊक आहे तेही आपल्याला ठाऊक असते आणि त्यामुळे सबंध कादंबरीचा तोल दुसऱ्या बाजूला झुकतो.

अमियांच्या खानावळीतला प्रसंग आठवून पाहावा. तळघरात स्वतःला कोंडून घेऊन मालकाची दारू आणि टांगलेले मांस फस्त करत बसलेल्या आथोसला दार्तान्यां बाहेर काढतो, आणि मग नशेच्या अमलात आथोस आपल्या एका ‘मित्राची’ कहाणी सांगू लागतो. एका तरुण सरदाराने गावच्या धर्मगुरूच्या बहिणीशी लग्न केले, शिकारीत ती घोड्यावरून पडून बेशुद्ध झाली, तिला श्वास घेता यावा म्हणून त्याने खंजिराने तिची वस्त्रे कापली तेव्हा तिच्या खांद्यावर गुन्हेगाराचा डाग दिसला, आणि त्याने तिला झाडाला फाशी दिले. पहिल्यांदा वाचताना आपण या भीषण हकिगतीनेच हादरतो. पुन्हा वाचताना लक्ष जाते ते शेवटच्या ओळींकडे, जिथे मित्राचे सोंग विसरून आथोस ‘मला’ असे म्हणून जातो, आणि समोरचा पोरगा, ऐकले ते सहन न होऊन, टेबलावर डोके टेकवून झोपेचे सोंग घेतो. दोन सोंगे समोरासमोर बसलेली आहेत आणि द्युमा त्यावर भाष्याचा एक शब्दही खर्च करत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती ‘मेलेली’ स्त्री, म्हणजेच मिलेडी, आपण पहिल्याच प्रकरणात, मंग गावी, बग्गीच्या खिडकीत पाहिलेली असते! कथानक माहीत असलेल्या वाचकाला तिथे जे धस्स होते ते नव्या वाचकाच्या वाट्याला येणे शक्यच नाही. तीच गोष्ट नीलमण्याच्या अंगठीची. दार्तान्यांच्या बोटात ती पाहताच आथोसचा चेहरा उतरतो आणि तो तिच्या एका पैलूवरचा ओरखडा शोधतो. आपल्या आईकडून आलेला तो दागिना त्याने कधी काळी कोणाला दिला होता, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणूनच त्या ओरखड्याची ओळ जिवाला लागते. साहसकथा एकदा वाचून संपते असे म्हणणाऱ्यांनी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

उत्तर २ (तटबंदी):

माझा आनंद थोडा वेगळ्या वाटेने येतो. दोन वाचनांच्या मध्ये मी त्या काळाचा इतिहास वाचत राहतो आणि त्यामुळे दर वेळी तेच पुस्तक अधिक दाट होऊन भेटते.

ला रोशेल शहराच्या वेढ्यातली, सेंट-जर्वेच्या बुरुजावरची न्याहारी घ्या. खानावळीत भिंतींना कान असल्यामुळे मिलेडीबाबतचे खलबत करायला जागा नाही, म्हणून हे चौघे शत्रूच्या माऱ्यात असलेल्या बुरुजावर तासभर टिकून दाखवण्याची पैज लावतात. आथोसचा नोकर ग्रिमो याच्या हातात खाद्यपदार्थांची टोपली असते, रुमालाचे निशाण केले जाते, मेलेल्यांच्या हातात बंदुका देऊन त्यांना पहारेकरी म्हणून उभे केले जाते, आणि परतताना गोळ्यांनी छिद्रे पडलेला तो रुमाल घेऊन आथोस सावकाश चालत येतो. लहानपणी मला यात केवळ बेडरपणा दिसत असे. ला रोशेलचा वेढा सप्टेंबर १६२७ पासून ऑक्टोबर १६२८ पर्यंत चालला, राजाचा मंत्री रिशल्यू याने समुद्राकडून येणारी मदत तोडण्यासाठी सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध घातला आणि सुमारे २७ हजार वस्तीपैकी शेवटी जेमतेम ५ हजार माणसे उरली, हे वाचल्यानंतर तीच टोपली डोळ्यांत भरते. तटाच्या आत माणसे भुकेने मरत असताना बाहेर मेजवानी चाललेली आहे. द्युमा त्या उपासमारीचा उल्लेख टाळत नाही, पण आपले लक्ष न्याहारीवर खिळवून ठेवतो, आणि ते सामर्थ्य मला आता अधिक जाणवते, थोडे अस्वस्थही करते.

चुका सापडण्यातही सुख आहे. दार्तान्यां राहतो तो रस्ता आणि आरामिसच्या घराजवळचा सेर्व्हांदोनी रस्ता हे दोन वेगळे रस्ते म्हणून येतात. प्रत्यक्षात तो एकच रस्ता आहे, आणि ज्या वास्तुशिल्पीचे नाव त्याला पुढे मिळाले तो, कथा सुरू होते त्या १६२५ मध्ये, जन्मलाही नव्हता. ही कादंबरी १८४४ मध्ये मार्च ते जुलै या काळात ‘ल सिएक्ल’ या वृत्तपत्रातून क्रमशः आली, ओग्युस्त माके यांच्या सहकार्याने आणि मागे अंकाची घाई असताना लिहिली गेली, तेव्हा असे होणारच. ‘करमणूक’मधून हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीला प्रकरणाच्या शेवटी लागणारी ती हुरहुर चांगलीच परिचयाची असणार.

उत्तर ३ (शब्दसखी):

वरील दोन्ही उत्तरे आवडली, परंतु पुनर्वाचनात सगळेच गोड लागत नाही, हेही नोंदवले पाहिजे. दार्तान्यां दुसऱ्याच्या नावाने, अंधाराचा फायदा घेऊन मिलेडीच्या महालात शिरतो आणि त्यासाठी केटी या दासीच्या प्रेमाचा शिडीसारखा वापर करतो. विशीत मी हे गमतीचे धाडस म्हणून वाचले, आज ती फसवणूक म्हणून वाचते. आथोसने चौकशीविना पत्नीला फासावर चढवले, तिथेही माझी सहानुभूती पूर्वीइतकी त्याच्या बाजूने राहत नाही.

मी थांबते ती मिलेडीच्या कैदेच्या पाच दिवसांपाशी. तिच्याकडे शस्त्र नाही, मित्र नाही, पैसा नाही, आणि पहाऱ्यावरच्या फेल्टनला तिच्याविषयी आधीच सावध केलेले आहे. तो प्युरिटन पंथाचा आहे हे ओळखून ती त्याच पंथाची स्तोत्रे गाऊ लागते आणि पाच दिवसांत त्या कठोर माणसाला आपल्या बाजूने वळवून इंग्लंडचा मंत्री बकिंगहॅम याच्या खुनाला उद्युक्त करते. इतिहासातील जॉन फेल्टनने २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्समथ येथे बकिंगहॅमला खरोखर भोसकले, मात्र त्यामागे थकलेल्या पगाराचा आणि डावललेल्या बढतीचा राग होता. त्या खऱ्या खुनाला द्युमाने दिलेले काल्पनिक कारण मला खऱ्या कारणाहून अधिक पटते, एवढी ती प्रकरणे भक्कम आहेत. कथानक पुढे कुठे जाणार याची घाई असलेला वाचक ही पाने चाळून जातो. घाई संपल्यावरच ती वाचता येतात.

उत्तर ४ (जुना दिवाणखाना):

शब्दसखी, आपला आक्षेप रास्त आहे, आणि निशिगंध यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. आर्मांतिएरच्या नदीकाठी जेव्हा मिलेडीला शिक्षा फर्मावली जाते, तेव्हा तिला वाचवायला पुढे सरसावलेल्या दार्तान्यांवर आथोस तलवार उपसतो. तो न्याय होता की सूड, हा प्रश्न ‘वीस वर्षांनंतर’मध्ये मिलेडीचा मुलगा मॉर्डंट बनून परत येतो. शिवाय तिथे चौघे एका बाजूला नाहीत. दोघे फ्रान्सचा मंत्री मझारँ याच्या चाकरीत आहेत, दोघे बंडखोरांबरोबर, आणि १६४९ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होतो तेव्हा आथोस वधमंचाखाली दडलेला असतो. ती अवश्य वाचा, आणि ‘थ्री मस्केटिअर्स’ पुन्हा हाती घेण्यापूर्वीच वाचा, म्हणजे आर्मांतिएरचे प्रकरण तुम्हाला आजच्याहून वेगळे दिसेल.