कऱ्हाडात थंडीत सकाळी धूर वर का जात नाही?

कोयनाकाठ

राम राम मंडळी. आम्ही कार्वे नाक्याकडे राहतो. आईला दमा आहे. पावसाळ्यात तिचा पंप कपाटात पडून असतो. दिवाळी उलटली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की रोज लागतो. पण नुसते कारखाने म्हणावं तर ते मार्चमध्येही चालूच असतात, आणि तेव्हा तिला बराच आराम असतो.

सकाळी सहाला गच्चीवर गेलं की दिसतं ते असं: समोरच्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर येतो, नारळाच्या उंचीच्या जरा वर जातो आणि तिथंच माळा लागल्यासारखा आडवा पसरतो. मागच्या रविवारी आगाशिव चढलो. वरून गाव दिसेचना. राखाडी दुलई, आणि पलीकडे सदाशिवगडाचा माथा तेवढा वर. शिवाय खाली मफलर लागत होता, वर चक्क ऊब. हे काय गौडबंगाल आहे?

उंडाळकर

वर ऊब? डोंगर चढून घाम आला असेल भाऊ :)

भूगोलवाली

घाम आलाच असेल, पण ऊबही खरी. शाळेत ‘तापमानाची विपरीतता’ शिकलो होतो, ती हीच. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. थंडीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला. रात्री जमीन भराभर निवते आणि तिला टेकलेली हवाही. गार हवा जड, ती उतारावरून पाण्यासारखी खोऱ्यात उतरते. रात्री पाटणहून दुचाकीवर येताना प्रत्येक ओढ्याच्या पुलावर गार झोत लागतो ना, तीच ही. खाली गार, वर उबदार थर, म्हणजे पातेल्यावर झाकण. तुमचा धूर त्या झाकणाला टेकतो.

त्यात आपलं गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर. उत्तरेकडून कृष्णा, पश्चिमेकडून कोयना, दोन्ही खोऱ्यांतली गार हवा इकडेच उतरणार. नदीवरचं धुकं त्यात मिसळलं की धूर आणखी दाटतो. नऊ-दहाला ऊन जमीन तापवतं, खालची हवा वर उसळते, झाकण उडतं. मार्चमध्ये ऊन कडक, हवा खूप उंचीपर्यंत घुसळते. कारखाना तोच, पण धूर पांगतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि सरी मिळून हवा धुऊनच काढतात, आणि गाळपही बंद असतं.

आपल्याकडं सूक्ष्म कणांची (पीएम २.५) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे ‘मर्यादेत आहे’ ऐकून दम्याच्या माणसानं निर्धास्त होऊ नये.

खोडवा

आता सगळे शेतकऱ्यावर घसरणार, म्हणून आधीच बोलतो. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, मीही पेटवायचो, तेही सांजच्याला, वारा पडल्यावर, म्हणजे जाळ शेजारच्या उसात जाऊ नये. आता कळतंय, नेमकी तीच वेळ चुकीची. दोन वर्षं झाली, सरीत पाचट पसरून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकतो. पाण्याची पाळी लांबली. पण पहिल्या वर्षी उंदीर झाले, बायकोनं डोकं खाल्लं, तेही सांगायला हवं. महामार्गाच्या कामाची धूळ आणि वीटभट्ट्या मात्र कुणाच्या तोंडात येत नाहीत.

भूगोलवाली

खोडवादादा, बरोबर, धूळही त्याच झाकणाखाली अडकते. कोयनाकाठ, आईंचं फिरणं पहाटेचं असेल तर आधी ते बदला. दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास. खिडक्याही ऊन चढल्यावर उघडा, पहाटे नको. आणि पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

कोयनाकाठ

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “दहाला फिरायला गेले तर भाकरी तू थापणार का?” संगमावरच्या तिच्या मैत्रिणी पहाटे साडेपाचला जमतात, खरी अडचण ती आहे. दुपारी साडेचारवर तडजोड झालीय. मैत्रिणींनाही फोन गेलेत, दोघी तयार आहेत, तिसरीची मालिका असते.

आणि उंडाळकर, पुढच्या रविवारी थर्मामीटर घेऊन चढतोय. एक खाली तुम्ही धरा.