गोधडी, रजई, क्विल्ट: घरच्यांना घेऊन दुकानात गेलात तेव्हाचे अनुभव लिहा

चाफेकळी:

मागच्या वर्षी आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले होते तेव्हा एका शनिवारी सगळे मिळून लँकेस्टरला गेलो. पेनसिल्व्हेनियातलं, आमच्याकडून गाडीने दोनेक तास. आमिश लोकांचा भाग, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्या घोड्याच्या करड्या बग्ग्या, मक्याची शेतं, मुलांना हे दाखवायचं एवढंच डोक्यात होतं, क्विल्टचं नावही काढलं नव्हतं कोणी. रूट ३४० वर बर्ड-इन-हँड गावाच्या पुढे एका शेताच्या तोंडाशी हाताने रंगवलेली पाटी दिसली आणि बाबांना पाय मोकळे करायचे होते म्हणून गाडी आत घेतली.

दुकान म्हणजे घराचीच एक खोली. मधोमध पलंग आणि त्यावर एकावर एक पंचवीस-तीस क्विल्ट पसरलेल्या. एका बाजूला पांढरी टोपी घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला तिची मुलगी, दोघी दोन टोकं धरून वरची क्विल्ट उचलून मागे टाकायच्या, की खालची दिसायची, पोथीचं पान उलटावं तसं. आईने पहिली गोष्ट काय केली तर कोपरा धरून उलटा केला. वरची नक्षी नंतर, आधी मागचे टाके. मला लाजल्यासारखं झालं, म्हटलं आई अगं हात नको लावू, पण ती बाई हसली आणि तिने स्वतःच अख्खी क्विल्ट उलटी करून दाखवली. चांगला हात असला की एका इंचात आठ ते दहा टाके बसतात म्हणाली. आईने अंगठ्याच्या नखाने मोजले आणि मराठीतच म्हणाली, "टाका बारीक आहे हो पोरीचा." त्या बाईला शब्द कळला नसणार पण तिने आईकडे बघून अशी काही मान हलवली की बस.

मग ती एकेक नमुना सांगत गेली आणि मी आईला. डबल वेडिंग रिंग म्हणजे एकमेकांत अडकलेल्या अंगठ्या, आई म्हणाली बांगड्या आहेत ह्या. लॉग केबिन म्हणजे ओंडक्यांचं घर, त्यात मधे लाल चौकोन आणि त्याभोवती पट्ट्या, तो लाल म्हणजे घरातल्या चुलीचा जाळ असं मानतात. हे सांगितल्यावर आई त्या लाल चौकोनावर हात ठेवून बराच वेळ गप्प उभी होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या कराडच्या आजीने हिरव्या काठाच्या लुगड्याची गोधडी शिवली होती, मधे मामाच्या लाल सदऱ्याचा चौकोन. २०११ ला मी इकडे येताना वजन बसेना म्हणून ती गोधडी बॅगेतून काढून ठेवली होती, आणि आईने त्याबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नव्हतं. गाडीत बसल्यावर विचारलं, "तुला ती न्यायची होती का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

क्वीन साइजची अकराशे डॉलर होती, ती नाही घेतली. किंमत जास्त होती असं मात्र मी म्हणणार नाही, महिनोन् महिने हाताने टाके घातलेत त्यात. आईने फॅट क्वार्टर घेतले, १८ बाय २२ इंचाचे कापडाचे तुकडे, आठ रंगांचे.

जाणार असाल तर शनिवारी जा, रविवारी आमिश दुकानं बंद असतात. आणि माणसांचे फोटो काढू नका, त्यांना चालत नाही.

तुम्ही गेलायत का असं घरच्यांना घेऊन? जयपूर, भूज, अमेरिका, कुठेही. काय घेतलं, कुठे फसलात, घरातलं कोण काय बोललं, सगळं लिहा.

दाभण:

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही जयपूर, नऊ जण, दोन दिवस. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा हवामहालसमोरच्या एका दुकानातून तीन रजया घेतल्या, दुकानदाराने रजई चुरगाळून एवढ्याशा पिशवीत कोंबून दाखवली आणि आम्ही लगेच हो म्हटलं. पहिल्याच धुण्यात आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा. कापूस नव्हताच तो, पॉलिस्टर होतं. तेव्हापासून सासूबाई म्हणायच्या, पुन्हा मी असल्याशिवाय रजई घ्यायची नाही.

ह्या वेळी त्या आल्या. त्यांचं माहेर पिंजाऱ्याच्या आळीला लागून, लहानपणी धनुकलीचा आवाज ऐकतच त्या उठायच्या, त्यामुळे कापूस म्हटलं की त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. जोहरी बाजारातल्या दुकानात त्यांनी रजई दारात नेऊन उजेडासमोर धरली. वरचं कापड व्हॉइलचं, पातळ, त्यामुळे आतला कापूस कुठे दाट कुठे विरळ ते स्पष्ट दिसतं. दोन बाजूला ठेवल्या, तिसरी एकसारखी होती. मग विचारलं पाव किलो म्हणता ते कशाचं? तो म्हणाला माँजी, आतल्या कापसाचं, कापड वेगळं. हे आम्ही आधी कधी विचारलंच नव्हतं! एवढ्याशा कापसात ऊब कशी तर तो पुन्हा पुन्हा पिंजून इतका मोकळा करतात की त्यात हवा धरून राहते, आणि टाके जवळ जवळ घातले की तो हलत नाही. टाके लांब असतील तर घेऊ नका, हे माझं नाही, सासूबाईंचं सांगणं.

वरणफळं:

चाफेकळीताई, मी पुरुष आयडी आहे पण लिहितो. आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो. बायको क्विल्टिंग करते, तिच्यासाठी हॅमिल्टनला गेलो, मिसूरीतलं दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव, तासाभरावर. दुकानांची मोठी साखळी काढणारा जे. सी. पेनी इथला, १८७५ चा जन्म. एका घरातल्या मुलांनी आईसाठी क्विल्टिंगचं मोठं मशीन घेतलं आणि त्यातून २००८ मध्ये मिसूरी स्टार क्विल्ट कंपनी उभी राहिली, आज मेन स्ट्रीटवर त्यांचीच दुकानं ओळीने आहेत, एकात नुसतं बाटिक, एकात लहान मुलांची कापडं, एकात सणांची. नवऱ्यांना बसायला एक वेगळी जागाच आहे, आरामखुर्च्या आणि टीव्ही. मी तिकडे जाऊन बसणार होतो पण सासरे म्हणाले चला की बघू काय आहे ते.

सासरे इचलकरंजीचे, आयुष्य सुतारकामात गेलं. तिथे एक बाई नवशिक्यांना सांगत होती की शिवण बरोब्बर पाव इंचावरच आली पाहिजे. सासरे म्हणाले, "म्हणजे दोन सूत." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि मग त्यांनी मला तिथेच हिशोब करून दाखवला. प्रत्येक तुकड्याला अर्धं सूत जास्त दाबलं गेलं तर एका शिवणीत दोन तुकडे, म्हणजे एक सूत गेलं. बारा शिवणींची ओळ असेल तर बारा सूत, दीड इंच कमी, शेजारची ओळ जुळणारच नाही. चौकटीचं असंच असतं म्हणाले. माझी बायको कितीतरी दिवस ह्याच गोष्टीने रडकुंडीला आली होती, तिच्या ओळी जुळत नव्हत्या आणि कारण सापडत नव्हतं. बापाने उभ्या उभ्या सांगितलं. घरी आल्यावर मशीनच्या पायाशी त्यांनी दोन सुतांवर लाकडाची पट्टी बसवून दिली, ती अजून तिथेच आहे.

अबोली_मडगांव:

आमचा अनुभव दुकानाचा नाही, ओट्यावरचा आहे, चालेल ना? गोव्याहून दांडेलीला वीकेंडला गेलो होतो, परत येताना हल्याळच्या बाजूला सिद्दी लोकांच्या वाडीवर थांबलो, एक ओळखीचे तिथले होते म्हणून. ते पूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेले लोक, आणि बोलतात कोकणी! माझी आई दोन मिनिटांत ओट्यावर बसून त्यांच्याशी गप्पा मारायला लागली, त्यांचे काही शब्द वेगळे पण समजत होतं सगळं.

त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. शिवायची पद्धत बघून मी थक्क झाले. आपण आधी तुकडे जोडून वरचा थर करतो ना, तसं नाही, खाली जुनी साडी पसरून एका कडेपासून तुकडे ठेवत ठेवत, कडा आत दुमडत, फिरत फिरत मध्यापर्यंत जायचं. टाके पण तसेच आत आत जातात. मोजमाप नाही, आखणी नाही. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, त्यांना 'फुला' असंच म्हणतात, आणि ती नसतील तर कवंदी नागडी दिसते म्हणे. आम्ही बाळासाठीची छोटी घेतली, माझ्या भावाला मुलगी झाली होती. बाईने सांगितला तो भाव दिला, आईने घासाघीस करू दिली नाही, म्हणाली टाके मोज आणि मग बोल.

पंचगंगाकाठ:

आमच्याकडे कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात हो, गोधडी नंतर आली. उन्हाळ्यात रानातली कामं आटपली की गल्लीतल्या बाया अंगणात वाकळ पसरून चार कोपऱ्यांना चौघी बसायच्या. विकत आणायची वस्तू आहे हे मला शहरात आल्यावर कळलं. चाफेकळी, ती आजीची गोधडी आहे का अजून? लिहाच.

घारगे:

फिलाडेल्फियाहून. लँकेस्टरबद्दल एक राहिलं, तिथल्या क्विल्टवर आमिश बायकांचेच नाही तर ह्मॉंग बायकांचेही हात असतात. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या त्या, कापडावर कापड लावून शिवायची कला त्यांची परंपरेतलीच. मला हे कळलं तेव्हा माझ्या घरातल्या क्विल्टकडे मी परत नीट बघितलं. दुकानात विचारलं तर काही जण सांगतात कोणी जोडली, कोणी टाके घातले. विचारावं.

चाफेकळी:

सगळ्यांचं वाचतेय, डोळे भरून आले. वरणफळं, सासऱ्यांचं दोन सुतांचं आईला फोनवर वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिने.

पंचगंगाकाठ, हो, आहे. परत गेल्यावर आईने कपाटाच्या वरच्या फळीवरून काढली, हवा काढून घेणाऱ्या पिशवीत घातली आणि भाऊ ह्या मे महिन्यात घेऊन आला. पिशवी फोडली तर कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. काठ दोन ठिकाणी विरलाय, लाल चौकोन फिका पडलाय. आईने लँकेस्टरच्या कापडातला एक निळा तुकडा आधीच कापून सोबत पाठवला होता आणि व्हिडिओवर मला ठिगळ कसं लावायचं ते सांगितलं, लुगड्याच्या धाग्याला ताण येऊ द्यायचा नाही, सुई तिरकी घालायची. माझे टाके इंचाला चारच बसतात. लेक रोज तीच पांघरून झोपते. डाव्या कोपऱ्यात अजून वीतभर शिवायचं राहिलंय, ते मी तसंच ठेवलंय, आई दिवाळीला येतेय.