विषय: नाशिकची पोर आणि इथली थंडी

प्रेषक: क., मेपल ग्रोव्ह
८ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

एरवी या ईमेल यादीवर मी मोदकांची मोजणी आणि हॉलच्या किल्ल्या यापलीकडे काही लिहीत नाही. आज घरचा प्रश्न घेऊन आले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी नाशिकला बारावीत आहे. पाच हजार मीटर पळते. सातवीपासून पहाटे साडेपाचला मैदानावर असते. कविता राऊतचं नाव ऐकत वाढलेली पोरं ही. आता तिला दोन विद्यापीठांकडून स्कॉलरशिपची विचारणा आली आहे. एक टेक्सासमधलं, दुसरं आपल्याकडचं, मिनेसोटातलं, ट्विन सिटीजपासून (मिनियापोलिस-सेंट पॉलपासून) गाडीने तीन तासांवरचं. पैशाच्या बाजूने दोन्ही सारखीच. आपल्याकडच्या कोचबाई तिच्याशी चार वेळा व्हिडिओवर बोलल्या. सराव, अभ्यास, पोटरीची जुनी दुखापत, सगळं नीट विचारून घेतलं. पोरीला त्या फार आवडल्या.

अडलंय ते थंडीपाशी. कॉलेजने जे फोटो पाठवले त्यांत तळं आहे, कयाक आहेत, हिरवळीवर बसलेली मुलं आहेत. एकाही फोटोत बर्फ नाही. ताईने स्वतः शोधून इथला जानेवारी बघितला आणि रात्री मला फोन केला. म्हणाली, "निफाडला पारा चारवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. तिथे मायनस पंचवीसमध्ये माझी पोर धावणार कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं झाली इथे येऊन, पण माझी थंडी गॅरेजपासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंतची. ज्यांना खेळाडूची थंडी माहीत आहे त्यांनी कृपया लिहा. ताईला खोटं सांगून पोरगी इकडे आणायची नाही, आणि घाबरवून तिची संधीही घालवायची नाही.

— क.


प्रेषक: व. काका, ब्लूमिंग्टन
९ डिसेंबर

क., तुझा मेल दोनदा वाचला. ऊबदार मुलखातला खेळाडू इथे येईल का, हा प्रश्न या राज्यात मी १९७४ ला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जातोय. त्याचं जुनं उत्तर ऐक, ताईलाही सांग.

मिनेसोटा विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल संघ, गोफर्स, १९६० साली राष्ट्रीय विजेता ठरला. त्या संघात बॉबी बेल होता, नॉर्थ कॅरोलिनातल्या शेल्बी या छोट्या गावचा. त्याच्या पाठोपाठ त्याच राज्यातल्या विन्स्टन-सेलमहून कार्ल एलर आला. त्या पोरांच्या घराजवळ मोठी विद्यापीठं होती आणि हवा इथल्यापेक्षा शंभर पटींनी बरी होती. पण ती विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना संघात घेत नव्हती. मिनेसोटा घेत होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे कोच डफी डॉहर्टी यांनीही तेच केलं. टेक्सासच्या किनाऱ्यालगतच्या ब्युमॉंटहून बबा स्मिथला आणलं, साउथ कॅरोलिनाहून जॉर्ज वेबस्टरला आणलं, थेट हवाईहूनही पोरं आणली. त्यांतला डिक केनी अनवाणी पायाने किक मारायचा. मिशिगनच्या नोव्हेंबरमध्येही अनवाणीच! १९ नोव्हेंबर १९६६ ला नॉत्र दाम विद्यापीठाबरोबरचा तो गाजलेला १०-१० असा बरोबरीचा सामना झाला, त्यात त्याने ४७ यार्डांवरून गोल मारला होता.

दक्षिणेतली दारं साधारण १९७० च्या सुमारास उघडली. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरलेल्या टेक्सास विद्यापीठाच्या मुख्य संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, यावरून कल्पना कर. दारं उघडल्यावर ती मुलं घराजवळ राहू लागली, आणि का राहू नयेत? उत्तरेच्या हातचं मोठं कारण गेलं. गोफर्सनी बिग टेनचं, म्हणजे मिडवेस्टातल्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद शेवटचं मिळवलं ते १९६७ साली, तेही वाटून. त्याला कारणं अनेक आहेत, सगळी थंडीच्या माथी मारता येणार नाहीत. लोकांनी मात्र थंडीवरच उपाय केला. १९८२ पासून संघ छताखालच्या मेट्रोडोममध्ये खेळू लागला. सत्तावीस हंगाम तिथे काढले, विजेतेपद काही आलं नाही, आणि २००९ ला संघ पुन्हा उघड्या मैदानात, विद्यापीठाच्या आवारात परतला.

कार्ल एलरला मी स्वतः खेळताना पाहिलंय, इथल्या व्यावसायिक संघाकडून, वायकिंग्जकडून, जुन्या मेट स्टेडियमवर. आज तिथे मॉल ऑफ अमेरिका आहे. कोच बड ग्रँट मैदानाकडेला हीटर लावू देत नसत. नॉर्थ कॅरोलिनाचा तो माणूस त्या थंडीत पंधरा हंगाम खेळला. बॉबी बेलची पदवी अर्धवट राहिली होती, ती पुरी करून घ्यायला तो २०१५ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, याच विद्यापीठाच्या समारंभात उभा राहिला. पन्नासहून जास्त वर्षांनी माणूस परत येतो, तेव्हा त्याला इथे नुसती थंडी मिळालेली नसते.

म्हणून ताईला एवढंच विचार, की टेक्सासला जे मिळणार नाही असं काय ही कोचबाई देतेय? पोटरीची दुखापत आपणहून विचारणारी कोच मला तरी मोठी गोष्ट वाटते.

— व. काका


प्रेषक: न., सेंट पॉल
९ डिसेंबर

काका, मेल जपून ठेवला. क. मावशी, मी उत्तरेकडच्या एका विद्यापीठात शिकताना तीन वर्षं तिथल्या ॲथलेटिक्स विभागात खेळाडूंच्या भरतीचं काम केलं आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

ते जुलैचे फोटो मीही पाठवलेत. त्यात खोटं काही नसतं, पण खरं अर्धंच असतं. पूर्वी फुटबॉलच्या मुलांच्या ऑफिशियल व्हिजिट (कॉलेज बघायला बोलावलेल्या भेटी) डिसेंबर-जानेवारीत व्हायच्या, कारण कॉलेजशी करारावरच्या सह्या फेब्रुवारीत असायच्या. फ्लोरिडाचा मुलगा विमानातून उतरायचा तोच बर्फात. २०१७ मध्ये एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने) एप्रिल ते जूनमधल्या भेटींना परवानगी दिली आणि सह्यांचा पहिला टप्पा डिसेंबरमध्ये आणला. तेव्हापासून आमच्याकडे जून म्हणजे सगळ्यात धावपळीचा महिना झाला. तळ्यावर नेणं, बोटीत फिरवणं. हिवाळा कधी दाखवायचा, हे मात्र कुणी ठरवत नाही. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. उन्हाळ्यात भाळून आलेला मुलगा पहिल्या फेब्रुवारीत घरी फोन करून रडतो, तेव्हा त्याचा काही दोष नसतो.

खेळाखेळात मोठा फरक आहे. बेसबॉलचं दुखणं सगळ्यात जुनं. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा इथलं मैदान गोठलेलं असतं. पहिले कित्येक आठवडे संघ दक्षिणेत दौऱ्यावर, परक्या मैदानांवर. गार हवेत चेंडू मेल्यासारखा येतो आणि बॅटचा झटका बोटांतून कोपरापर्यंत जातो. मिनेसोटाने १९५६, १९६० आणि १९६४ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं, १९६६ ला ओहायो स्टेटने घेतलं. त्यानंतर मिडवेस्टातल्या बिग टेनच्या कुठल्याही संघाला ते जमलेलं नाही. भाची बेसबॉलमधली पिचर (चेंडू फेकणारी) असती तर मी टेक्सास म्हणालो असतो.

पण ती लांब पल्ल्याची धावपटू आहे. तिचा पहिला हंगाम क्रॉसकंट्रीचा (ट्रॅकवर नाही, गवत-मातीवरच्या शर्यतींचा), सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्या हवेत धावायला मिळणं ही चैन आहे. टेक्सासमध्ये सप्टेंबरची दुपार म्हणजे आपला मे. केनियाचा एडविन कुरगॅट आयोवा स्टेटमध्ये राहून २०१९ ला क्रॉसकंट्रीचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि आयोवाची थंडी आपल्याहून फार वेगळी नाही. आपला दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्ससमध्ये शिकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने इनडोअर उंच उडीचा २.२८ मीटरचा भारतीय विक्रम केला तो याच आयोवातल्या एम्समध्ये. बाहेर काय तापमान आहे, याच्याशी त्या उडीचा काही संबंध नव्हता.

खरी परीक्षा डिसेंबर ते मार्च. तेव्हा पुढच्या गोष्टी कोचना स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. इनडोअर ट्रॅक दोनशे मीटरचा आहे की तीनशेचा? दोनशेच्या ट्रॅकवर पाच हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन घट्ट वळणं. पोटरी दुखावलेली असेल तर हे फार महत्त्वाचं. वळणाची दिशा बदलून सराव करू देतात का? किती थंडी झाली की बाहेरचा सराव बंद होतो, आणि ते कोण ठरवतं? थंडीचे कपडे विद्यापीठ देतं की तिने आणायचे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाताळच्या सुट्टीत होस्टेल आणि मेस बंद झाल्यावर ती राहणार कुठे, जेवणार काय? अमेरिकन मुलं गाडी काढून घरी जातात. परदेशी मुलगी रिकाम्या इमारतीत उरते. मी पाहिलेल्या मुलांत परत जाणारी बहुतेक त्या तीन आठवड्यांत खचली होती.

— न.


प्रेषक: डॉ. श., इगन
१० डिसेंबर

न. म्हणतोय त्यात एक भर. सगळे थंडीबद्दल बोलताहेत, मी उजेडाबद्दल बोलते. थंडीला कोट आहे. डिसेंबरमध्ये साडेचारला मावळणाऱ्या सूर्याला काही नाही. आपण पंचेचाळीस अक्षांशावर आहोत, नाशिक वीसवर. हिवाळ्यातल्या इथल्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही, सावळ्या त्वचेला तर आणखी कमी. धावणाऱ्या मुलीच्या हाडांसाठी ही बारीक गोष्ट नाही. येण्याआधी एकदा आणि जानेवारीत एकदा रक्ततपासणी करून घ्या. कोरड्या गार हवेत जोरात श्वास घेतला की काहींना दम्यासारखी धाप लागते, ज्यांना घरी कधी लागली नव्हती त्यांनाही. खोकला टिकला तर "सवय होईल" म्हणून सोडू नका. तोंडावर कापडी बफ (गळ्यातून वर ओढायची पट्टी) घेऊन धावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि काका, तुमच्याशी थोडा मतभेद. बेल आणि एलर यांना दुसरीकडे दार नव्हतं, म्हणून त्यांनी सोसलं. या मुलीला टेक्सासचं दार उघडं आहे. तिने सोसावं अशी अपेक्षा आपण ठेवायची नाही.

— श.


प्रेषक: व. काका, ब्लूमिंग्टन
१० डिसेंबर

श., मान्य. सोसण्याचं कौतुक करायचं नव्हतं मला, पण मेल पुन्हा वाचला तर तसंच दिसतंय. ताईला पाठवशील तेव्हा श. चाही मेल जोड, क.


प्रेषक: प्र., प्लिमथ
१० डिसेंबर

माझा धाकटा भाऊ मुंबईहून न्यू इंग्लंडमधल्या एका कॉलेजात स्क्वॉश खेळायला गेला होता. कनेटिकटच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले, ते भारत-पाकिस्तानसारख्या देशांतल्या मुलांना घेऊन. त्यामुळे तिकडच्या सगळ्याच कॉलेजांचं आपल्या पोरांकडे लक्ष गेलं. मुंबईचा विक्रम मल्होत्राही ट्रिनिटीचाच. स्क्वॉशचं कोर्ट आत, उबेत, म्हणून खेळाला थंडी आडवी येत नाही. आडवी येते ती कोर्टापासून खोलीपर्यंत.

भाऊ पहिल्या नोव्हेंबरमध्ये रोज आईला फोन करून म्हणायचा, "परत येतो." घामाने ओलं डोकं, त्यावर टोपी नाही, दहा मिनिटं चालत खोलीवर. आईला वाटायचं, अभ्यास झेपत नाही. शेवटी गावातल्या एका गुजराती मावशींनी त्याला दुकानात नेऊन बूट, लोकरीचे मोजे आणि गुडघ्याखाली येणारा कोट घेऊन दिला, आणि दर रविवारी जेवायला बोलावलं. त्यानंतर "परत येतो" हे वाक्य फोनवर आलं नाही. कॉलेजने त्याला रॅकेटा दिल्या होत्या, बूट दिले होते, पण ते कोर्टावरचे.

भाची इकडे आली तर नाताळच्या तीन आठवड्यांसाठी आमच्या तळघरातली खोली तिची. हे मी आजच लिहून ठेवतो.

— प्र.


प्रेषक: क., मेपल ग्रोव्ह
१४ डिसेंबर

मंडळी,

तुमचे सगळे मेल ताईला वाचून दाखवले. प्र. दादांचा मेल वाचताना ती गप्प झाली, मग म्हणाली, "हे आधी कुणी का सांगितलं नाही?"

न.ने लिहिलेले प्रश्न भाचीने स्वतः कोचबाईंना पाठवले, जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ट्रॅक दोनशेचाच आहे. आठवड्यातून दोनदा उलट्या दिशेने धावतात. कपडे विद्यापीठ देतं, पण रोजचा कोट आणि बूट नाही. नाताळात होस्टेल बंद असतं, आणि बाईंनी सरळ कबूल केलं की परदेशी मुलींची सोय आजवर त्या स्वतःच्या घरी करत आल्यात, विद्यापीठाची व्यवस्था नाही. भाचीला हे प्रामाणिक उत्तर आवडलं. ताईला ते आवडलं नाही. तिच्या मते ज्या संस्थेने मुलींना बोलावलं तिने सोय करायला हवी, एकट्या कोचवर सोडू नये. मला दोघींचंही पटतं. टेक्सासलाही त्यांच्यापुरते प्रश्न पाठवले आहेत, उन्हाबद्दलचे. उत्तर अजून नाही.

पोरीचं म्हणणं एकच आहे, की जानेवारी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. तिने यावं तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत निर्णयाची मुदत उलटून जाईल. म्हणून ठरवलंय की मी जायचं. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला त्यांचा सराव असतो, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेपाच. फोनवरून तिला सगळं दाखवायचं. होस्टेलपासून ट्रॅकपर्यंतचा रस्ता अंधारात चालून, मुली सरावाहून बाहेर पडतात तो दरवाजा, मेस. वाऱ्याचा आवाजही ऐकू दे. थंडीत फोनची बॅटरी चटकन उतरते, म्हणून दोन फोन लागतील.

शुक्रवारी रात्री निघून तिथेच मुक्काम. श.ताई, तुम्ही आलात तर धापेबद्दल कोचबाईंशी बोलता येईल. न., ट्रॅकची वळणं तू बघ. गाडीत अजून एक जागा आहे. काका, तुम्ही येता का?

— क.