मदत हवी आहे : वर्गसमीकरणात पायऱ्यांचे गुण कसे द्यावेत?

क्ष² − ५क्ष + ६ = ० हे उदाहरण अवयव पाडून सोडवायला ४ गुण आहेत: मधले पद फोडणे १, अवयव २, मुळे १. विद्यार्थ्याने (क्ष + २)(क्ष + ३) = ० लिहिले आणि पुढे −२, −३ ही मुळे त्यावरून बिनचूक काढली. घोटाळा फक्त चिन्हांचा, म्हणून तो एकदाच कापून पुढचे गुण द्यावेत, हे पटते. पण उतरवून घेतानाच ६ गळला तर क्ष(क्ष − ५) = ० एवढेच उरते, उदाहरणच सोपे होते. तिथेही पुढचे सगळे गुण द्यायचे का?

खरी अडचण क्ष² = ५क्ष मध्ये येते. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून मुले फक्त क्ष = ५ लिहितात आणि ० हे मूळ हरवते. उत्तर अर्धे बरोबर दिसते, पण क्ष स्वतःच शून्य असू शकतो हे लक्षातच आलेले नसते. ही चूक चिन्हाच्या चुकीइतकी हलकी धरू नये. (सगळी पदे आधी एका बाजूला घ्यायची सवय लावली तर ती टळते.)

६ गळणे आणि क्ष ने भागणे, या दोन चुकांना तुम्ही किती गुण कापता? आणि आलेली मुळे दिलेल्या समीकरणात घालून ताळा पाहण्याला १ गुण ठेवायचा तर तो ४ पैकी कुठून काढावा?