‘70 प्रूफ’ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप
1950च्या सुमारास इंग्लंडात घडणाऱ्या कथेचा अनुवाद चालू आहे. बाटलीच्या लेबलावर ‘70 प्रूफ’ आहे. संपादकांनी ते ‘70 टक्के मद्यार्क’ केलंय, पण पटत नाही. काय लिहावं?

काना-मात्रा
तो आकडा टक्क्यांचा नव्हेच. जुन्या ब्रिटिश मोजणीत प्रूफला 4ने गुणून 7ने भागायचं, म्हणजे 70 प्रूफचे 40 टक्के होतात. अमेरिकी मोजणीत नुसतं निम्मं करायचं, त्यामुळे तीच दारू तिथे 80 प्रूफ. कथा कुठली ते पाहूनच हिशेब करा.

खिळेजुळणी
प्रूफ म्हणजे इथे परीक्षा. छापखान्यातलं प्रूफ चुका पकडण्यापुरतं काढतात. यीस्ट ‘प्रूफ’ करतात तेही तसंच: कोमट पाण्यात साखर घालून त्यात दहा मिनिटं ठेवायचं, फेस आला तर जिवंत. पाणी कढत असलं की मेलंच. चिलखतावर गोळी झाडून बघत आणि पडलेला पोचा खूण म्हणून तसाच ठेवत. बुलेटप्रूफ, वॉटरप्रूफ त्याच घरातले. मूळ अर्थ परीक्षा, ‘पुरावा’ मागून चिकटला.

काना-मात्रा
शेवटचं वाक्य अमान्य. लॅटिन ‘प्रोबारे’त पारखणं आणि सिद्ध करणं दोन्ही आहे, आणि इंग्रजीत पुराव्याचा अर्थच आधी लिहिलेला सापडतो. ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ या इंग्रजी म्हणीतल्या ‘प्रूव्ह’मध्येही लोक ‘नियमाची परीक्षा होते’ असा अर्थ घुसवतात. ते कायद्याचं सूत्र आहे. ‘रविवारी प्रवेश मोफत’ ही पाटी असेल तर इतर दिवशी पैसे पडतात, हे त्या अपवादावरूनच सिद्ध होतं.

रसद
दारूची परीक्षा घ्यायचे कशी?

खिळेजुळणी
बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवायचे. पेटली तर माल पास. पण जास्त ओतली की मद्यार्क जळून जातो, उरलेल्या पाण्याने बंदुकीची दारू भिजते आणि कडक मालही नापास. 1816च्या ब्रिटिश कायद्याने सायक्सचं हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं उपकरण, अधिकृत केलं, तेव्हा घनतेवर पक्की मोजणी सुरू झाली.

रसद
आपल्याकडे दोन्ही दारूच! फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध, ‘दवादारू’त तो अर्थ टिकलाय. मग ‘मद्यार्क’ हवाच कशाला?

शुद्धमती
हवाच. दारू म्हणजे अख्खं पेय, मद्यार्क त्यातला एक घटक. टक्के घटकाचे देतात. आणि प्रूफला ‘कस’ म्हणा की. सोन्याचा कस पाहतात, तसा दारूचा.

काना-मात्रा
‘70 कस’ वाचून वाचक अडखळेल. छापखान्यामुळे प्रूफ हा शब्द मराठीत केव्हाच मुरलाय.

शुद्धमती
मुरलाय तो मुद्रिताच्या अर्थाने. दारूच्या नाही.

तळटीप
म्हणजे ‘70 प्रूफ’ ठेवून तळटीपेत 40 टक्के द्यायचे का?

रसद
ते द्या, पण दारूगोळ्यात हे औषध शिरलं कुठून?

खिळेजुळणी
सोरा, गंधक आणि कोळसा कुटून केलेलं चूर्ण ते. औषधाच्या चूर्णासारखं, म्हणून तेच नाव पडलं असावं.

शुद्धमती
‘असावं’वर व्युत्पत्ती उभी राहत नाही. जुना दाखला द्या.