मिल्कवीडवर पिवळा मावा आलाय, फवारू की नको?

कुंडीतली_बाग: फुलपाखरं यावीत म्हणून मिल्कवीड लावलं, ते लाल-पिवळ्या फुलांचं, ज्याला हळदीकुंकू म्हणतात ते. दोन महिने मस्त वाढलं आणि आता शेंड्यांवर पिवळाधम्मक मावा असा चिकटलाय की देठ दिसत नाही, वर मुंग्यांची रांग, खालची पानं चिकट आणि काळी पडलीत. कडुनिंबाचं तेल घरात आहे पण दोन पानांखाली पांढरे ठिपके दिसले, अंडी असली तर? फवारू का?

चिखलपाय: थांबा!! तेल अजिबात नको. निमतेलाने मावा मरेल तसा सुरवंटही मरेल, शेवटी तोही किडाच. साबणाचं पाणीही तसंच, ज्याच्या अंगावर पडेल त्याला मारतं, मावा कोण आणि पाहुणा कोण हे त्याला कळत नाही. आधी अंडी असलेली पानं शोधून त्यांना खूण करा, मग शेंडा एका हाताने धरून पाण्याची जोरात धार मारा, खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. दोन-तीन दिवसांनी परत. कारण हा मावा सगळा माद्यांचाच असतो, नर लागतच नाही, थेट पिल्लं देतात, त्यामुळे चार जरी उरल्या तरी आठवड्यात परत जत्रा. मी तर बोटांनीच चिरडते, बोटं पिवळी होतात पण काम फत्ते. फक्त झाडाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर आग होते आणि बुबुळाला इजा होऊ शकते, हात धुतल्याशिवाय चष्मासुद्धा नीट करू नका.

रविवारचा_माळी: मुंग्यांचाही बंदोबस्त करा. मावा जो गोड चिकटा सोडतो तो खायला त्या येतात आणि बदल्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात, म्हणजे एकदम पगारी राखणदार. पानं काळी पडलीत ती त्याच चिकट्यावर आलेली बुरशी आहे, पुसली की जाते. माव्यात फुगलेले तपकिरी मणी दिसले तर ते काढू नका, बारीक परोपजीवी गांधीलमाशीने आत अंडं घातलेलं असतं, फुकटचा कामगार आहे तो. आणि खत कमी करा हो, नायट्रोजन जास्त झाला की कोवळी फूट जास्त आणि मावाही जास्त, हे मी स्वतः शेणखत ओतून ओतून शिकलोय 😅

चिखलपाय: हो, आणि रोप नर्सरीतून आणलं असेल तर आधी कसलं औषध मारलं होतं का ते विचारा, काही औषधं झाडाच्या रसात भिनतात, बाहेरून धुऊन जात नाहीत. माझ्याकडे एकदा एका नव्या रोपावरचे सगळे सुरवंट दोन दिवसांत काळे पडून गेले, तेव्हापासून बीच पेरते.

कुंडीतली_बाग: धार मारली, निम्मा मावा गेला. पण ठिपके बघायला भिंग घेतलं तर एक उभं, रेघारेघांचं, दुसरं मात्र पानावर आडवं लोळलेलं, लांबट. दोन्ही फुलपाखराचीच का?

रविवारचा_माळी: उभं फुलपाखराचं, मोनार्क काय किंवा प्लेन टायगर काय, एकेक सुटं अंडं घालतात. आडवं बहुतेक सिरफिड माशीचं, तिची अळी मावा खाते, राहू द्या.

कुंडीतली_बाग: दहा-बारा दिवसांनी अपडेट. सुरवंट आले, झाडाचा नुसता सांगाडा उरलाय, आणि काल पाच मोठे होते आज तीनच. पक्ष्यांनी नेले का?

चिखलपाय: पक्षी यांच्या वाट्याला फार जात नाहीत, झाडाचं विष त्यांच्या अंगात उतरलेलं असतं. पोट भरलं की ते झाड सोडून कोष करायला निघतात. कुंडीच्या काठाखाली, खुर्चीच्या खालच्या बाजूला बघा, उलटं लटकलेलं काहीतरी सापडेल. सांगाड्याची काळजी नको, पाणी देत राहा, बुडातून परत फुटेल.

कुंडीतली_बाग: खुर्चीखालीच आहे!! आता खुर्ची तिथून कुणालाच हलवू देत नाहीये.