मदत हवी आहे: जिप्समच्या पार्टिशनवर ५५ इंची टीव्ही

नमस्कार मंडळी. नागपुरात बेसाला आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंत विटांची नाही, जिप्सम बोर्डची आहे. टिचकी मारली की पोकळ वाजते. तिच्यावर ५५ इंची टीव्ही लावायचाय, वजन साधारण १६ किलो, ब्रॅकेट वेगळं. फिटिंगला आलेला मुलगा नेहमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून मोकळा होणार होता, त्याला थांबवलं. साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डात ती गिट्टी धरणार तरी कशाला?

भिंतीवर चुंबक फिरवलं तर ते उभ्या रेषेत स्क्रूंवर चिकटतं. त्यावरून आतल्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्या २४ इंचांवर आहेत. ब्रॅकेटची भोकं मात्र १६ इंचांवर, म्हणजे एकाच बाजूला पट्टी सापडते. शिवाय ती पट्टी म्हणजे पातळ पत्रा.

माझा कल असा: १८ मिमी प्लायचा तुकडा दोन पट्ट्यांवर पत्र्याच्या स्क्रूंनी आडवा कसायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर. की बोर्ड कापून प्लाय आतूनच द्यावा? टॉगल बोल्टवर (बोर्डामागे पंख उघडून पकड घेणारा बोल्ट) कोणी एवढा टीव्ही लावलाय का?

बाबांना दिवाणावरून दिसावा म्हणून पुढे ओढता येणारं ब्रॅकेट हवंय. पण ब्रॅकेटचा हात बाहेर काढला की वरच्या स्क्रूंवरची ओढ फार वाढते, म्हणून मी नाहीच म्हणतोय. त्यात आपला नागपुरी उन्हाळा, कूलर दिवसरात्र, आणि ओलाव्यानं जिप्सम मऊ पडतं.

राजेहो, ज्यांनी अशा भिंतीवर खरंच टीव्ही लावलाय त्यांनी सांगा. टॉगल बोल्ट इतवारीत मिळतात का, तेही.